सोलापूर सत्तर मीटर खचलेलं नाही

"सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची इंग्रजांच्या काळातली, चुकीची. उपग्रह खरी सांगतो : 390 मीटर. म्हणजे शहर सत्तर मीटर खचलंय!" हा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. माझं आयुष्य लेव्हल (आडवी नजर धरणारी दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन जमिनीच्या मोजणीत गेलं, त्यामुळे गप्प राहवत नाही.

उपग्रह समुद्रसपाटीपासूनची उंची मोजतो, हेच मुळात खरं नाही. वीस हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहाला समुद्राचा पत्ताच नसतो. रिसीव्हरला जी उंची मिळते ती एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे गणिताने आखलेल्या, ध्रुवांकडे थोड्या चपट्या गोलापासूनची. समुद्रसपाटी ठरते गुरुत्वाकर्षणाने, आणि तो पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, गुळगुळीत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो एलिप्सॉइडच्या शंभर मीटरहून खाली जातो. जगातला सर्वांत मोठा खळगा तो. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो, आणि सोलापुरात हा फरक सत्तर मीटरच्या आसपास भरतो. 390 मध्ये सत्तर मिळवून बघा, सोलापूरच्या 457 मीटरच्या जवळ येतं. पाटी बरोबरच आहे. काही अॅप ही दुरुस्ती स्वतःच करतात, काही करत नाहीत. म्हणून शेजारच्या दोन फोनांवर दोन आकडे दिसतात.

"फोन अचूक असतो" म्हणणाऱ्यांनी सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारावी. मी मारली. पाणी निवांत होतं, वाराही नव्हता. काठाला लागून चार ठिकाणी फोन धरला, तर उंचीत अकरा मीटरचा फरक आला. एकाच तलावाच्या एकाच पाण्याला! उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा जास्तच राहते.

राहिला इंग्रजांचा मुद्दा. मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणी भरती-ओहोटी वर्षानुवर्षं नोंदवून 1909 साली देशाची समुद्रसपाटी ठरली, आणि तिथून एका बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरून, पुढच्या बेंचमार्कवर लेव्हल नेत ती आत आणली. पद्धत जुनी आहे, म्हणून खोटी ठरत नाही. डीजीपीएसला, म्हणजे मोजणीच्या अचूक जीपीएसला, जिऑइडची जोड दिली की उपग्रहावरूनही उत्तम उंची मिळते. मी स्वतः तसं काम केलंय.

हा वाद नुसत्या पाटीचा नाही. उजनी धरण 496.83 मीटरला पूर्ण भरतं, सोलापूर 457 च्या आसपास. उतार चाळीस मीटरचा. मेसेजमधला 390 धरला तर तो 107 दिसतो, आणि उजनीहून सोलापूरला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनच्या पंपांचा सगळा हिशेब तिथेच चुकतो.