मुलं नाही, आया निवडल्या जातात म्हणे!

‘स्पष्टवक्ता’ यांस,

सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह. शाळकरी मुलांसाठीचा सिनेट यूथ प्रोग्रॅम आणि तिथली सिनेट पेजची, म्हणजे सभागृहातल्या मदतनिसाची, नोकरी या दोन्हींवर मी महिन्यापूर्वी लिहिलं होतं. दहावी-अकरावीतल्या मुलांच्या आईबापांना माहिती व्हावी, एवढाच हेतू. त्यावर आपली प्रतिक्रिया आली. इतरांनी ती वाचली नसेल तर थोडक्यात सांगते. शीर्षकात ‘सरकारी शिष्यवृत्ती’ म्हटलंय ते चूक. व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना तिथे दार बंद आहे, ते मी लपवलं. सर्वांत जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियालाही दोन मुलं आणि सर्वांत कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही दोनच, हा कुठला न्याय. पेज म्हणजे पाण्याचे पेले उचलणारी पोरं. आणि मग हे: ‘असल्या कार्यक्रमांत मुलं नाही, आया निवडल्या जातात. लेखिकाबाई त्यातल्याच दिसतात. जरा अभ्यास करून लिहा, बाई.’ त्यापुढे दात काढणारे तीन पिवळे चेहरे.

शीर्षकाचं आधी. आपलं बरोबर आहे. सिनेटने 1962 साली ठराव करून यूथ प्रोग्रॅम सुरू केला, पण त्याचा खर्च पहिल्यापासून हर्स्ट फाउंडेशन्स या खासगी संस्था करतात. सरकारी तिजोरीतला एक डॉलरही त्यात नाही. मुलाला कॉलेजसाठी मिळणारे 10,000 डॉलरही त्यांचेच. हे मी लेखात लिहिलं होतं, शीर्षकात मात्र ‘सरकारी’ पडलं. काल रात्रीच बदललं. आभार. पण एवढं सांगायला ‘बाई’ कशाला? आमच्या इचलकरंजीच्या शाळेत ‘बाई’ हा मानाचा शब्द होता. तुमच्या प्रतिक्रियेत तो तसा आलेला नाही, एवढं मराठी मला अजून कळतं. (‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आले, लक्षात आलं असेलच.)

आता आया.

यूथ प्रोग्रॅमची निवड कशी होते ते बघा. मूल शाळेत किंवा एखाद्या नागरी संस्थेत निवडून आलेलं किंवा नेमलेलं पदाधिकारी असावं लागतं. बऱ्याच राज्यांत मुख्याध्यापकांनी नाव पाठवायचं असतं. मग निबंध, राज्यघटना आणि चालू घडामोडींवर परीक्षा, मुलाखत. राज्याचं शिक्षण खातं शेवटी दोन मुलं निवडतं. पन्नास राज्यांची शंभर, राजधानीची दोन आणि परदेशांतल्या लष्करी तळांवरच्या शाळांची दोन, अशी 104. मार्चमध्ये आठवडाभर वॉशिंग्टनला नेतात. सिनेटर भेटतात, न्यायाधीश भेटतात, सैन्यातले तरुण अधिकारी मुलांसोबत राहतात. यात आई कुठे बसते, सांगा. परीक्षेच्या बाकावर? मुलाखतीच्या खोलीत टेबलाखाली?

माझ्या मुलाचं सांगते, म्हणजे ‘त्यातल्याच’चा हिशोब पुरा होईल. ओहायोतल्या आमच्या गावच्या शाळेत तो विद्यार्थी मंडळाचा खजिनदार होता. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करत होते. तो सकाळी सातच्या बसला जायचा तेव्हा मी घरी पोचत असे. आमची भेट बहुतेक दारात. निबंध त्याने स्वतः लिहिला, शाळेच्या दोन बसफेऱ्या बंद झाल्या त्यावर. मी फक्त स्वल्पविराम सुचवले. आणि एक वाक्य. बरं, दोन. परीक्षेची तयारी त्याचीच; रविवारी प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात दुसरं कोणी जागं नसायचं. त्या नादात अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सत्तावीसही दुरुस्त्या मला पाठ झाल्या. याला निवडून येणं म्हणतात का?

आणि तो निवडला गेलाच नाही. त्याचा अर्ज शाळेच्या कचेरीत कोणाच्या तरी टेबलावर राहिला आणि मुदत उलटून गेली. शाळेचं नाव घेत नाही. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, ‘सॉरी’ म्हणाले, झालं. मी शाळेत जाऊन भांडलेसुद्धा नाही. नवऱ्याने जाऊ दिलं नाही, हे खरं कारण, पण गेले नाही हेही खरंच. इतकं होऊनही मी त्या कार्यक्रमाबद्दल चांगलं लिहिते, याचा अर्थ काय होतो, तो तुम्ही काढा.

मागचं काढायचंच तर आणखी मागे जाऊ. सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा. (मधली काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती.) वडील सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात, आई घरी मागाच्या कांड्या भरायची. आमचे गुरुजी पहाटे साडेपाचला वर्ग घ्यायचे, एक पैसा न घेता. थंडीत आई चारला उठून चूल पेटवायची, मला उठवायची, कंदील घेऊन कोपऱ्यापर्यंत सोडायची. तिला अंकगणित येत नव्हतं. माझं नाव यादीत आलं तेव्हा गल्लीत कोणी म्हणालं नाही की आई निवडली गेली. म्हणालं असतं तर तिला आनंदच झाला असता, तो भाग वेगळा.

तुमचा मुद्दा ‘शिकलेल्या, पैसेवाल्या घरची मुलं पुढे जातात’ असा असता तर बोलता आलं असतं. सुझन कॉलिन्सचंच घ्या. मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळ कॅरिबू नावाचं गाव आहे, तिथली ही मुलगी 1971 साली याच कार्यक्रमातून वॉशिंग्टनला आली. तिच्या राज्याच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी तिला जवळजवळ दोन तास दिले. पुढे कॉलिन्स स्वतः सिनेटर झाली, आणि बसली ती स्मिथबाईंच्याच जागेवर. आता तुम्ही गुगल करून लिहाल की तिचे आईवडील दोघेही त्या गावचे महापौर होऊन गेले होते. होते. मीच सांगून टाकते. पण ते दोन तास आईशी बोलण्यात गेले नाहीत, मुलीशी बोलण्यात गेले. आणि हा मुद्दा तुम्ही मांडलेलाच नाही. तुम्ही ‘आया’ म्हणालात. बाप का नाही म्हणालात? मुलाला फुटबॉलच्या सरावाला नेणाऱ्या बापाचं कौतुक होतं आणि निबंध वाचणारी आई मात्र कारस्थानी. हे मला तिकडेही ऐकावं लागलं आणि इकडेही.

पाण्याच्या पेल्यांचं म्हणाल, तर हो, उचलतात. सोळा-सतरा वर्षांची तीस मुलं, सिनेटरने नेमलेली. गडद निळा सूट, सभागृहात कागद पोचवणं, भाषणासाठी उभ्या असलेल्या माणसापुढे पाणी ठेवणं. पगार मिळतो आणि त्यातून राहण्याजेवणाचे पैसे कापूनही घेतात. शाळा सकाळी सहा-सव्वासहाला, कारण नंतर सभागृह भरतं. 1829 साली सिनेटर डॅनियल वेबस्टरने नऊ वर्षांच्या मुलाला पहिला पेज नेमलं, मुलींना मात्र 1971 पर्यंत थांबावं लागलं. मुलं राहतात त्या इमारतीला वेबस्टरचंच नाव आहे. तिथे पूर्वी अंत्यसंस्कारांचा व्यवसाय चालायचा, पण ते पोरांना सांगू नका. पाणी देण्यात कमीपणा असतो हे तुम्ही कुठे शिकलात? आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्या-भांडं.

वायोमिंगचा न्याय 1787 साली अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात बसलेल्या मंडळींना विचारा. सिनेटमध्येच प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत, लहान असो की मोठं. मुलंही तशीच दोन.

व्हिसाचं. यूथ प्रोग्रॅमचा अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, असा नियम आहे. तो मी केलेला नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्हीही उभे होतो, ती किती लांब आहे ते आम्हाला सांगू नका. लपवायचं असतं तर लेखच लिहिला नसता. पुढे.

पुढे खरं तर काही उरलं नाही, पण एक घडलं ते सांगते. काल मुलाचा कॉलेजातून फोन आला तेव्हा तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकलेलं सगळं समजतं. ‘आया’वर तो इतका हसला की मी फोन ठेवणार होते. मग म्हणाला, ‘आई, व्हिसाचं त्याचं बरोबर आहे ना.’ त्यांच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष एक तेलुगू मुलगा होता, दोन वर्षांचा असताना इथे आलेला, वडिलांच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर. सगळ्यांत हुशार तोच. शाळेने आधी त्यालाच विचारलं होतं. अर्जातला नियम वाचून त्याने कागद माझ्या मुलाच्या हातात दिला. हे मला तीन वर्षांनी कळलं. तो मुलगा आमच्या घरी कितीदा जेवलाय, पुरणपोळी मागून घ्यायचा.

लेखात तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी त्या नियमाची ओळ घातली आहे, ठळक अक्षरात. मुलाने सांगितलं म्हणून घातली आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे.