फुवांना व्ह्यूअर म्हणायचं नसतं

आमच्याकडे, म्हणजे अमळनेरला, फाईल पाठवायची पद्धत पहिल्यापासून ठरलेली आहे. सुरतेला कोण चाललंय ते बघायचं. कोणीतरी निघतंच, कारण अर्धा खान्देश उधना-लिंबायतला राहतो आणि उरलेला अर्धा त्यांना भेटायला जाऊन राहिलेला असतो. त्याच्याकडे पेन ड्राइव्ह द्यायचा, कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर नाव, आणि सोबत बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी, म्हणजे पिशवीच्या निमित्ताने तरी पुडी लक्षात राहील. पॅसेंजर नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला लागली की फाईल पोचली. इतकी वर्षं हेच चालू होतं आणि एकदाही पासवर्ड लागला नव्हता.

हे मोडलं पोरीच्या लग्नात. फोटोग्राफरने ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दिला, त्यात ११८० फोटो आणि तीन तासांची व्हिडिओ. सुरतचा शालक म्हणाला दाजी द्या माझ्याकडे, मी तिकडे सगळ्यांना कॉपी करून देतो. नंदुरबारला तो चहा प्यायला उतरला, गाडी हलली, धावत चढला, आणि घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुडी शर्टाच्या खिशात होती आणि आता नाही. बिबडे पोचले. बिबडे नेहमीच पोचतात.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला समजूत म्हणून एक गोष्ट सांगितली, की अमेरिकेत ड्र्यू ह्यूस्टन नावाचा एक पोरगा बोस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसला आणि पेन ड्राइव्ह विसरला, आणि त्या वैतागात त्याने ड्रॉपबॉक्स काढलं, २००७ साली. म्हटलं वा. तिकडे पेन ड्राइव्ह विसरला की कंपनी निघते, आमच्याकडे विसरला की बायको आणि मी दोन दिवस बोलत नाही, कारण शालक तिचा भाऊ आहे.

फोटोग्राफरकडे कॉपी होती म्हणून वाचलो. त्याने तोंड वाकडं करून दुसरा पेन ड्राइव्ह भरून दिला आणि मी ठरवलं की आता पॅसेंजर नाही, आता ऑनलाईन.

आधी व्हॉट्सॲपवर टाकले. फुईचा, म्हणजे आत्याचा, फोन, "भाऊ, फोटोत मनं तोंडच दखात नही." बरोबर होतं तिचं. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो दाबून बारीक करतं, आणि आमची फुई मुळातच ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेत उभी राहते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जातात हे मला नंतर कळलं, पण ११८० फोटो एकेक करून डॉक्युमेंट म्हणून पाठवणारा माणूस ग्रुपमध्ये राहत नाही, त्याला काढतात. मग ईमेल. तिथे २५ एमबीची हद्द, फोटोग्राफरचा एकेक फोटो आठ एमबीचा, म्हणजे दोन-तीन फोटो झाले की मेल भरला. चौथा जोडला तर ते आपणच म्हणालं की हे मी ड्राइव्हवर टाकतो आणि लिंक पाठवतो. असा माझा आणि गूगल ड्राइव्हचा परिचय झाला. २०१२ पासून ही सोय आहे म्हणे, मला कळायला पोरीचं लग्न यावं लागलं.

(सगळं ढगात ठेवायचं म्हटल्यावर पाऊस पडला तर काय, हा विनोद आमच्या गल्लीत सगळ्यांनी करून झालाय. मी करत नाही. मे महिन्यात खान्देशात ढगावर बोलू पण नये.)

पुतण्याने हिशोब मांडला. फुकटात १५ जीबी, पण ते एकट्या ड्राइव्हचे नाहीत, जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांचे मिळून, एकत्र कुटुंबासारखे. आणि एकत्र कुटुंबात असतो तसा इथेही एकजण आयता बसून खात होता, माझं जीमेल. कर्जाच्या, सेलच्या, कसल्या कसल्या जाहिराती दहा वर्षं मी एकही न पुसता जपलेल्या, दोन जीबी त्यांनीच अडवलेले. फोटो ११८० गुणिले ८ म्हणजे साडेनऊ जीबीच्या आतबाहेर, ते बसत होते. व्हिडिओ २६ जीबीची, ती बसत नव्हती. म्हटलं व्हिडिओ राहू दे, तसंही त्यात सव्वा तास वरण-बट्टीची पंगत आहे आणि पाऊण तास डीजेपुढे नाचणारे लोक, ज्यातले निम्मे कोणाकडून आले होते हे ना आम्हाला माहीत ना व्याह्यांना.

आता अपलोड. रोजचा दीड जीबीचा पॅक, म्हणजे साडेनऊला किती दिवस लागतील ते तुम्हीच करा. आठवडाभर घरात कोणी नेटला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला, आईची कीर्तनं बंद, बायकोच्या सिरीयल बंद. बाहेर ४५ डिग्री, मोबाईलचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालू, दुपारी दोनला मोबाईल इतका तापायचा की मी त्याला कूलरसमोर पाटावर बसवायचो, नवरदेव बसवतात तसा. त्यात गावात सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात माणसंच माणसं आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल, त्या दिवसांत नेटवर्कही तिकडेच दर्शनाला गेलेलं. खाली उतरवायला जितकं पटकन होतं तितकं वर चढवायला होत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. मग रात्री. ज्याने केळीला रात्रीच्या लाईटवर पाणी भरलंय त्याला सांगायला नको, दीड वाजता उठायचं, मोटर चालू आहे का बघायचं, बारं फोडायचं, परत येऊन पडायचं. मी तसाच उठून बघायचो, ४१२ झाले, ४१३ झाले. एकदा उठलो तर लॅपटॉपच झोपलेला, तीन तास एकही फोटो चढला नव्हता. पुतण्या म्हणे काका स्लीप मोड बंद करायला पाहिजे होता. अरे भो, मग आधी सांगायचं ना!

सातव्या दिवशी सगळे फोटो चढले. मी "लग्न" या फोल्डरची लिंक काढली आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली, १४३ माणसं आहेत त्यात, आणि खाली लिहिलं, सर्वांनी फोटो पाहावेत ही विनंती.

दहा मिनिटांत फुवांचा फोन. फुवा म्हणजे आमच्या फुईचे यजमान, वय ७४, मांडवात एकूण तीन वेळा रुसलेले.

"काय रे, मांडवाचा नारळ कोणी फोडला?"

"तुम्ही फोडला ना फुवा."

"मग फोटो बघायला मी परवानगी मागायची? हे म्हणतंय रिक्वेस्ट ॲक्सेस. आम्ही अर्ज करायचा का तुझ्याकडे?"

लिंक दिली म्हणजे दार उघडलं असं मला वाटलं होतं, पण दार मुळात बंदच असतं, ज्याचं नाव आपण घालू तेवढाच आत, बाकीच्यांनी बाहेरून कडी वाजवायची. संध्याकाळपर्यंत माझ्या मेलवर ३७ अर्ज. त्यात व्याह्यांचा एक. व्याह्यांचा अर्ज! बायको म्हणाली पोरगी दिलीय त्या घरात, लाज आहे का काही.

मी लगेच एकेकाचं नाव घालायला बसलो, तर तिथे पुढचा प्रश्न उभा. ते विचारतं, ह्यांना काय करायचं, व्ह्यूअर, कमेंटर की एडिटर? आता इंग्रजीत हे सरळ असेल, पण आमच्याकडे हा मानपानाचा विषय आहे. व्ह्यूअर म्हणजे नुसतं बघा आणि चालते व्हा. असं फुवांना म्हणता येतं का? कमेंटर करायला हरकत नव्हती, ते तर ते मुळातच आहेत, पण साडूला एडिटर आणि फुवांना कमेंटर केलं असतं तर ते टॉवेल-टोपीवरून झालं तसं पुन्हा झालं असतं. आईला विचारलं. तिने काही न समजता बरोबर सल्ला दिला, "सगळ्यास्ले सारखंच दे रे बाबा."

म्हणून मी सगळ्यांना सारखंच दिलं. नावंबिवं सोडून दिली, खालचं ते बटण दाबलं, ज्याच्याकडे लिंक असेल तो, आणि पुढे एडिटर. पुतण्या तेव्हा परीक्षेला जळगावला गेला होता, हे मुद्दाम सांगतो.

दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी मामींचा मेसेज, फोटो छान आहेत. चौथ्या दिवशी मोजले तर फोटो ११३१. एडिटरला फोल्डरमधून फोटो बाहेर काढता येतो. मामींनी स्वतःचे सगळे फोटो, ज्यात त्यांची साडी सुटलेली दिसत होती ते, आणि ज्यात जाऊबाईंची साडी जास्त चांगली दिसत होती ते, असे शोधून शोधून बाहेर काढलेले. बरं, फोटो मरत नाहीत, फाईल ज्याची आहे त्यालाच ती कायमची पुसता येते, त्यामुळे ते ४९ फोटो माझ्या ड्राइव्हमध्ये बाहेर ओसरीत पडल्यासारखे पडले होते. मी ते उचलून आत ठेवायचो, दुपारी मामी परत बाहेर काढायच्या. आठवडाभर आम्ही एकमेकांशी एक शब्द न बोलता हे केलं.

आणि मग ते झालं ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

"लग्न" या फोल्डरच्या पोटात दोन फोल्डर होते. एक "फोटो". दुसरा "हिशोब". बाहेरच्या फोल्डरची लिंक दिली की आतलं सगळंच दिल्यासारखं होतं, घराची किल्ली दिली की फडताळही आलंच. आणि हिशोबात होती आहेराची वही, जी पुतण्याने लग्नानंतर बसून शीटमध्ये टाईप केली होती, नाव, गाव, रक्कम, खाली बेरीज. आहेराची वही म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. ती कपाटात साडीच्या खाली असते. ती आपण उघडतो ते समोरच्याच्या घरी कार्य निघालं की, त्यांनी काय घातलं होतं ते बघायला, त्याच्यावर थोडं चढवून परत करायला. ती वही १४३ लोकांसमोर एडिटर करून उघडी पडली होती, नऊ दिवस.

पुतण्या परत आला, त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काका, शीटमध्ये कोणीतरी आहे." वर कोपऱ्यात रंगीत गोल होते, त्यावर जनावरांची चित्रं. लिंकवरून जे आत येतात, त्यांची नावं दिसत नाहीत, त्यांना कुठलं तरी जनावर मिळतं. एक अनॉनिमस कॅपीबारा होता. एक वॉम्बॅट होता. आम्ही दोघं बघत असताना तो कॅपीबारा हळूहळू खाली सरकला, ८६ नंबरच्या ओळीवर थांबला, आणि फुवांचे ५०१ होते त्याच्या आधी एक २ टाकला.

२५०१.

आणि निघून गेला.

मी म्हटलं हा कोण? पुतण्या म्हणे सांगता येत नाही काका, अनॉनिमस आहे. अरे बाबा, ८६ नंबरच्या ओळीत येऊन फुवांचा आकडा वाढवणारं जनावर अख्ख्या जगात एकच आहे आणि ते सध्या धरणगावला ओट्यावर बसलेलं आहे!

मग वरून खालपर्यंत बघितलं. १०१ चे ५०१, २०१ चे ११०१, एकाने नुसती रक्कम न वाढवता पुढे "व भांडी" लिहिलेलं. माझ्या सख्ख्या चुलत भावाने कमी केलेली, ५०१ ची २५१, तो हुशार, त्याच्या पोरीचं लग्न झालंय आणि पोराचं व्हायचंय, त्याला वाटलं असेल की आम्ही पण कमीच ठेवावं... नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एकूण बेरीज एक लाख ब्याऐंशी हजारांची दोन लाख अकरा झाली होती. एकोणतीस हजार रुपये, जे आम्हाला कोणी दिले नाहीत आणि जे आम्हाला सगळ्यांच्या कार्यात थोडं चढवून परत करायचे आहेत.

पुतण्या म्हणाला सोपं आहे, व्हर्जन हिस्टरी असते, जुनी पाहिजे त्या तारखेची परत आणता येते, एक बटण. मी हात पुढे केलाच होता, तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. "राहू द्या ना," म्हणाली. "लोकांनी बघितलंय ते. आता परत २०१ दिसले तर मन दुखेल त्यांचं. माणसं जोडायची असतात." तीस वर्षांच्या संसारात माझ्या भाऊबंदांबद्दल असं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून मी जरा गप्पच झालो.

लिंक मात्र बंद केली. सगळे व्ह्यूअर. फुवा पण. फुवा चौथ्यांदा रुसले.

परवा शालकाच्या घरी वास्तुशांतीचं आमंत्रण आलं म्हणून शीट उघडली, त्याने काय घातलं होतं बघायला. मला आठवत होतं २१०० आणि पोरीला साडी. शीटमध्ये ५१००. म्हटलं शालक तर असा नाही, पेन ड्राइव्ह सांभाळता येत नाही तो शीट काय उघडणार. पुतण्याने शिकवलं होतं तसं त्या खान्यावर राइट क्लिक केलं, शो एडिट हिस्टरी. बाकी सगळीकडे अनॉनिमस अनॉनिमस होतं, इथे एक नाव होतं. माझं. ज्या दिवशी फुवांचे २५०१ झाले त्याच रात्री, ११ वाजून ४० मिनिटांनी, ह्याच लॅपटॉपवरून, जो माझ्याच खात्यात उघडा असतो.

साडेदहाला मी झोपतो.

आतून आवाज आला, "बघितलं का माझ्या भावाने किती घातले होते ते?"

"हो," म्हटलं. "५१००."

"मग आपण सहा तरी घालू."