मांसातलं जनुक आणि आपला वाद

भारतात मांस आणि अँटिबायोटिकचा विषय निघाला की दोन-चार वाक्यांत गाडी शाकाहार-मांसाहारावर येते. डेन्मार्कमध्ये बसून तो वाद वाचताना वाटतं, मूळ दुखणं बाजूलाच राहिलं. भीती घातली जाते ती जनावरांना दिलेल्या आणि मांसात उरलेल्या औषधाची. मला जास्त धास्ती वाटते ती औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंची. मांस नीट शिजवलं की ते मरतात, पण तोवर सुरीवरून आणि हातांवरून इतरत्र गेलेले असू शकतात. शिवाय प्रतिरोधाचं जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं आणि एक जीवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो. खतातून, सांडपाण्यातून ते शेतातही पोचतं. ताटात मांस नाही म्हणून सुटका नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. डुकरं, कच्चं मांस आणि रुग्ण, तिन्हीकडे सापडलेलं. कोलिस्टिनसारख्या शेवटच्या फळीतल्या औषधाला निष्प्रभ करणारं. लगेच डॅनिश शास्त्रज्ञांनी साठवलेल्या जीवाणूंच्या जनुकीय नोंदी चाळल्या. एका रुग्णाच्या रक्तातल्या जीवाणूत ते निघालं, आणि आयात कोंबडीच्या मांसातल्या पाच जीवाणूंतही. मांसाचे ते नमुने २०१२ ते २०१४ मधले! म्हणजे पाहुणा केव्हाच घरात येऊन बसला होता. मला कौतुक जपून ठेवलेल्या त्या नोंदींचं.

१९९५ पासून डेन्मार्क जनावरं, मांस आणि माणसं यांच्यातला प्रतिरोध एकत्र मोजतो. त्याच सुमारास पशुवैद्यांना अँटिबायोटिक विकून मिळणारा नफाही आवळला. हे जास्त हुशारीचं. लिहून देणाराच विकणारा असला, तर हात आखडता कोण घेणार?

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. डुकरांतला एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जीवाणू, इथल्या वराहपालनात चांगलाच फोफावला. ‘डेन्मार्ककडे बघा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, ते योग्यच झालं. चीनने २०१७ मध्ये ते वाढीसाठी खाद्यात घालणं थांबवलं, तेव्हा तिथल्या डुकरांत एमसीआर-१ घटल्याचं दिसलं, कारण आधीचे आणि नंतरचे आकडे हाताशी होते. आपल्याकडे जनावरांतले नमुने आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषद) जाळं तपासतं, रुग्णालयांतले आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद). ते दोन्ही आकडे दरवर्षी एकाच अहवालात, शेजारी शेजारी छापून यायला हवेत.