एस्टीम ही गरिबाची गाडी होती काय?

मारुती एस्टीम ही मुळात जगातल्या अत्यंत स्वस्त गाड्यांपैकी एक होती, असे विधान धनंजयने केले, तेव्हा पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर एकालाही ते पटले नाही. धनंजय कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात बरीच वर्षे नोकरी करून साताऱ्यास परतलेला असल्यामुळे त्याच्या विधानांना आम्ही एरवी थोडी सूट देतो; परंतु या वेळी शैलाताईंनी ती दिली नाही. बँकेच्या कर्ज विभागात उभी हयात घालवलेल्या ताईंचे म्हणणे असे, की ज्या गाडीसाठी अर्ज घेऊन येणारा माणूस एक तर नामांकित डॉक्टर असे, नाही तर मोठा कंत्राटदार, आणि जिच्यातून साखर कारखान्याचे अध्यक्ष उतरताना लोक वळून पाहत, तिला स्वस्त म्हणणे हे आमच्या आठवणीवर अन्याय करणारे आहे.

धनंजयने वाद वाढवण्याऐवजी नावे मोजायला सुरुवात केली. सुझुकीने १९८३ मध्ये जपानात ‘कल्टस’ या नावाची एक लहान हॅचबॅक बाजारात आणली. हीच गाडी अमेरिकेत ‘शेव्हरोले स्प्रिंट’ झाली, कॅनडात ‘पॉन्टिॲक फायरफ्लाय’, ऑस्ट्रेलियात ‘होल्डन बरीना’, इंडोनेशियात ‘फोर्सा’, पाकिस्तानात ‘खैबर’ आणि आणखी अनेक देशांत ‘स्विफ्ट’. १९८८ मध्ये तिची दुसरी पिढी आली. अमेरिकेत तिला ‘जिओ मेट्रो’ म्हणू लागले आणि तिच्याच मागे डिकी असलेल्या सेडान रूपाला भारतात १९९० मध्ये ‘मारुती १०००’ व १९९४ पासून ‘एस्टीम’ म्हणून ओळखले गेले. धनंजय म्हणाला, “ताई, तुमचे डॉक्टर ज्या गाडीसाठी कर्ज काढत होते, तिच्याच हॅचबॅक बहिणीतून ऑन्टारियोतले कॉलेजचे विद्यार्थी पिझ्झा पोहोचवत फिरत होते.”

आबांना यात नवल वाटले नाही. आबा येथल्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. तंत्र बजाजचे, त्याच्याही मागे मूळ घडण इटलीच्या व्हेस्पाची, आणि साताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या स्कूटरवर नाव मात्र ‘प्रिया’, हा प्रकार ज्यांनी स्वतःच्या हातांनी केला, त्यांना एका गाडीची इतकी नावे ऐकून धक्का बसण्याचे कारण नव्हते. “नाव बदलणे हा मुद्दाच नाही. गाडी कोणाची, ते सांगा,” असे ते म्हणाले, आणि चर्चेने खरे वळण घेतले ते येथून.

कारण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. वाणिज्य शाखेत शिकवलेले आमचे सर अशा ठिकाणी सावकाश बोलू लागतात. त्यांनी सांगितले, की १९७९ च्या इराणमधील क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकले, अमेरिकन ग्राहक जपानी छोट्या गाड्यांकडे वळला, आणि शेव्हरोले, पॉन्टिॲक ही नावे जिच्या मालकीची त्या, अवाढव्य गाड्यांवर पोसलेल्या जनरल मोटर्सला आपल्यापाशी पुरेशी लहान गाडी नसल्याची जाणीव झाली. कंपनीने एका अतिशय लहान गाडीचा आराखडा हाती घेतला होता. तथापि अमेरिकेतील मजुरी आणि कारखान्यांचा खर्च पाहता ती स्वतः बनवून नफा होणे शक्य नाही, असा निष्कर्ष निघाल्यावर तो आराखडा सुझुकीकडे गेला. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने सुझुकीचे सुमारे पाच टक्के भागभांडवल घेतले आणि दोनच वर्षांनी कल्टस रस्त्यावर आली. म्हणजे गाडीच्या जन्मकथेत कल्पना अमेरिकेची आणि कष्ट जपानचे अशी वाटणी दिसते.

“कल्पनेवर गाडी चालत नाही,” असे मेस्त्रींनी तत्काळ सुनावले. मेस्त्रींचे गॅरेज जुने असून सुझुकीच्या इंजिनांविषयी त्यांना जो आदर आहे, तो त्यांनी फार थोड्या माणसांविषयी दाखवला असेल. त्यांच्या मते कल्टसचे मर्म तिच्या आकारात किंवा किमतीत नव्हते, ते ९९३ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात होते. ॲल्युमिनियमचे, हलके, थोडक्या भागांचे आणि दोन माणसांनी सहज उचलून बाहेर काढावे असे हे इंजिन मोटारसायकली व चिमुकल्या मोटारी बनवत आलेल्या कंपनीलाच सुचू शकते. कारण एकेक किलो वजन आणि एकेक थेंब पेट्रोल वाचवण्याची सवय तिच्या हाडामांसी खिळलेली होती. मोठी गाडी लहान करून छोटी गाडी बनत नाही, असे मेस्त्रींचे सूत्र आहे. मला ते पटते. जनरल मोटर्सने नंतर जे केले त्यावरून तर अधिकच पटते.

अमेरिकेत झाले ते असे. जपानी मोटारींची लाट रोखण्यासाठी तेथील सरकारच्या दबावाखाली जपानने १९८१ पासून निर्यातीवर स्वतःहून मर्यादा घातली होती, ती वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची. या वाट्यात सुझुकीच्या हाती फारच थोडे आले, त्यामुळे स्प्रिंट आरंभी देशाच्या पश्चिम भागातच विकली गेली. ही अडचण ओलांडण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ऑन्टारियोतील इंगरसोल येथे ‘कॅमी’ नावाचा कारखाना उभारला आणि १९८९ मध्ये तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. येथवर सर्व हिशेब बरोबर होता. परंतु मधल्या काळात, १९८६ मध्ये, कच्च्या तेलाचे भाव कोसळून निम्म्याहून खाली आले होते. ज्या भीतीतून ही गाडी जन्मली ती भीतीच उरली नव्हती, आणि गाडी मात्र नुकतीच पुऱ्या वेगाने तयार होऊ लागली होती.

मेट्रोची ‘एक्सएफआय’ नावाची आवृत्ती शहरात गॅलनला ५३ मैल आणि महामार्गावर ५८ मैल जात असे, असा सरकारी चाचणीचा आकडा आहे. आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे साडेबावीस ते साडेचोवीस किलोमीटर. “बिगरहायब्रीड पेट्रोल गाडीने आजही एवढे ॲव्हरेज दिले तर गिऱ्हाईक हात जोडेल,” असे मेस्त्री म्हणाले. धनंजयचे उत्तर होते, की पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळत असताना ॲव्हरेज विचारायला कोणी जात नसे. जनरल मोटर्सने सुझुकी, टोयोटा आणि इसुझु यांच्याशी जोडलेल्या गाड्या एकत्र करून ‘जिओ’ नावाचा वेगळाच ब्रँड काढला, आणि १९९७ नंतर तो गुंडाळला. मेट्रो पुढे शेव्हरोलेच्या नावाने २००१ पर्यंत कशीबशी तग धरून होती. पाहुण्याला ओसरीवरच बसवून चहा द्यावा, तसे जनरल मोटर्सने तिला कधी घरात घेतलेच नाही, असे माझे मत मी कट्ट्यावर मांडले. सरांनी ते भावनिक ठरवून बाजूला सारले.

सरांचा आक्षेप योग्य होता, कारण मध्यंतरी आबांनी कामगारांचा प्रश्न काढला. कॅमीमध्ये जपानी पद्धतीचे काम होते. गटाने काम करणे, सतत सुधारणा सुचवणे, कमी माणसांत अधिक उत्पादन काढणे या गोष्टींचा तेथे गाजावाजा होता. तरीही, किंवा त्यामुळेच, १९९२ च्या शरद ऋतूत तेथील कामगार संघटनेने पाच आठवडे संप केला, आणि उत्तर अमेरिकेतील जपानी पद्धतीच्या कारखान्यांत असा संप त्याआधी झालेला नव्हता. आबांच्या मते स्वस्त गाडीचा स्वस्तपणा कोणाच्या तरी पाठीवरून येतो आणि तो कोणाच्या, हे विचारल्याशिवाय तिचे कौतुक पुरे होत नाही. याला मेस्त्रींनीही विरोध केला नाही.

मग आपल्याकडे तीच गाडी श्रीमंतांची कशी झाली? ताई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. मारुती १००० आली तेव्हा तिचे बरेचसे भाग जपानहून येत, येन महागत चाललेला होता, सीमाशुल्क जबर होते, आणि जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर आयात भागांची किंमत आणखी चढली. त्यावर उत्पादन शुल्क. मारुती ८०० ही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलेली गाडी असताना तिच्या वरची पायरी चढण्यासाठी त्याच कंपनीत दुसरे काही नव्हते, आणि दुसऱ्या कंपन्यांत नव्या घडणीचे फारसे नव्हते. अँबॅसॅडर आणि पद्मिनी यांच्या रांगेत ती अचानक परदेशी दिसू लागली. तेव्हा ताईंचा निष्कर्ष असा, की गाडी स्वस्त की महाग हे तिच्या कारखान्यात ठरत नाही, ती ज्या देशाच्या जकात नाक्यातून आत येते तेथे ठरते.

मेस्त्रींनी येथे एक दुरुस्ती सुचवली, ती नोंदवलीच पाहिजे. इतर देशांत याच सांगाड्यात १३०० सीसीचे आणि त्याहून मोठेही इंजिन मिळत असताना भारतात मारुती १००० ला ९७० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन दिले गेले. चार माणसे, सामान आणि एसी एवढ्यांचा भार घेऊन खंबाटकी किंवा पसरणीचा घाट चढताना या इंजिनाचा जीव मेटाकुटीला येई आणि एसी बंद करण्याची चाल सर्वत्र रूढ होती. म्हणजे श्रीमंत ग्राहकाने मोजले ते रूपाचे पैसे. १९९४ च्या एस्टीममध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले तेव्हा कोठे त्या हलक्या सांगाड्याला न्याय मिळाला, आणि त्यानंतर ती घाटात काय करते हे मोठ्या गाड्यांच्या चालकांनी पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी मोटार उद्योगावरची परवानापद्धत रद्द झाली होती व अंदाजपत्रकात मोटारींवरील उत्पादन शुल्क ५५ वरून ४० टक्क्यांवर आले होते, ही जोड सरांनी दिली.

सुरक्षेचा विषय मीच काढला आणि तो लवकर संपला. साडेसातशे किलोच्या आसपासची मेट्रो अमेरिकेतल्या दोन टनी गाड्यांच्या गर्दीत असुरक्षित होती, याविषयी दुमत होण्यासारखे काही नाही. ॲव्हरेज ज्या हलकेपणातून आले त्याचीच ही दुसरी बाजू.

धनंजयला मात्र हंगेरीविषयी सांगायचे होते, आणि तो भाग मला सर्वांत रोचक वाटला. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर त्या देशाला स्वतःचा म्हणावा असा मोटारीचा कारखाना हवा होता. सुझुकीने डॅन्यूबकाठच्या एस्टरगोम गावी तो उभारला आणि १९९२ च्या ऑक्टोबरात तेथून स्विफ्ट बाहेर पडू लागली. कंपनीने जाहिरातीत तिला ‘आमची गाडी’ म्हटले आणि हंगेरीच्या लोकांनी ते मनावर घेतले. तेथे ती २००३ पर्यंत बनत राहिली. तिच्यावर सुबारूची मुद्रा लावून ‘जस्टी’ या नावानेही ती युरोपात विकली गेली. पाकिस्तानात तर या दुसऱ्या पिढीची हॅचबॅक ‘कल्टस’ या मूळ नावाने २००० मध्ये सुरू होऊन २०१६ पर्यंत बनत होती, म्हणजे ही दुसरी पिढी जपानात अवतरल्यावर २८ वर्षांनी ती निवृत्त झाली. “हंगेरीत आपली, पाकिस्तानात आपली, येथे आपली, आणि जिच्या सांगण्यावरून बनली त्या कंपनीच्या देशात मात्र परकी,” असे आबा म्हणाले.

सरांना हे वाक्य गोड वाटले तरी मान्य नव्हते. त्यांच्या मते जनरल मोटर्सला गाडी परकी वाटली असे म्हणण्यापेक्षा, तिला आपण नक्की कोणत्या बाजूला आहोत हेच ठरवता आले नाही. सुझुकीतला आपला वाटा तिने पुढे २० टक्क्यांपर्यंत नेला होता. पण भारतात १९९६ मध्ये गुजरातेतील हालोलच्या कारखान्यातून तिने ओपेल ॲस्ट्रा काढली, ती एस्टीमच्या वरच्या पायरीवरून तिचाच ग्राहक ओढण्यासाठी. २००२ मध्ये तिने दिवाळखोर कोरियन कंपनी दायवूचा मोटार व्यवसाय घेतला, आणि छोट्या गाडीसाठी सुझुकीची गरज संपली. २००६ मध्ये बहुतेक वाटा विकला, उरलेला ३ टक्के २००८ मध्ये. नेमक्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले, आणि लोक भंगारात काढलेल्या जुन्या मेट्रो शोधून चढ्या किमतीने विकत घेऊ लागले. दायवूची मॅटिझ ‘शेव्हरोले स्पार्क’ होऊन आपल्याच पुण्यापलीकडे तळेगावात बनू लागली. २०१७ मध्ये जनरल मोटर्सची भारतातली विक्री थांबली, २०२० च्या अखेरीस तो कारखानाही बंद पडला. सुझुकीनेही २०१२ मध्ये अमेरिकेतील मोटारविक्री सोडली, हे सांगायला सर विसरले नाहीत. एकटी जनरल मोटर्सच मागे हटली असे नव्हे.

मेस्त्री एवढ्यावर ऐकणारे नव्हते. एस्टीम २००७ मध्ये बंद झाली असे सगळे म्हणतात. परंतु २००५ मध्ये भारतात आलेल्या स्विफ्टच्या बॉनेटखाली तेच १३०० सीसीचे इंजिन होते आणि जिप्सीत, सैन्याच्या गाड्यांत, ते त्यानंतरही अनेक वर्षे धावत राहिले, असे त्यांनी ठणकावून सांगितले. तेव्हा ती गाडी कोणाची याचा निकाल भागभांडवलाच्या कागदांवरून लावायचा असेल तर तो सरांनी लावावा, इंजिनाचे हेड उघडून लावायचा असेल तर उद्या सकाळी गॅरेजवर यावे. त्यावर ताईंनी विचारले, की आजच्या भावाने चांगल्या स्थितीतली एस्टीम कितीला मिळेल. आणि मेस्त्रींनी जो आकडा सांगितला, तो ऐकून धनंजयने आपले पहिले विधान पुन्हा एकदा, या वेळी अधिक मोठ्या आवाजात, मांडले.