मणक्यातली सळई आणि बिनलेबलची पुडी

गेल्या महिन्यात माझ्या आत्याने नागपूरला ठरलेली मणक्याची शस्त्रक्रिया आदल्या दिवशी रद्द केली. कारण होते जावईबापूंनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला एक संदेश: ‘शरीरात लोखंड भरू नका’. त्यात म्हटले आहे की मणक्यात स्क्रू बसवले की लकवा होतो, कृत्रिम सांधा पाच वर्षांत सडतो, अंगात सळई असलेल्या माणसावर शेतात वीज पडते, त्याचा पुढे एमआरआय होत नाही, सगळा पैशाचा खेळ आहे, आणि हे लोखंड चितेत जळत नसल्यामुळे माणसाला गती मिळत नाही. तेव्हा पाय बधिर झाला तरी घाबरू नये, तीन महिने मालिश करावी आणि सोबत दिलेल्या नंबरवरून पुडी मागवावी. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो, आणि हाच संदेश आतापर्यंत कितीतरी गिऱ्हाइकांनी काउंटरवर मोबाइल धरून मला वाचायला लावला आहे.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण खरा घात तिथे आहे. आत्याचा कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे आणि तिथली नस दाबली जाते आहे. अशा दुखण्यात कळ पायात उतरते, मुंग्या येतात, पाय बधिर होतो आणि पुढे पंजा उचलणे जड जाऊ लागते. पोळ्याला आत्या आमच्याकडे आली तेव्हा अंगणात तिच्या उजव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि दोन-तीन पावले पुढे गेली तरी तिला ते कळले नाही. माझ्या मुलीने ती उचलून आणून दिली. घाबरायचे असते ते याच वेळी. आणि याच्याही पुढे जाऊन बसण्याच्या जागेची संवेदना गेली, लघवी अडकली किंवा झालेली कळेनाशी झाली, तर ती तासांवर मोजायची आणीबाणी असते. नसांचा जुडगा फार वेळ दाबलेला राहिला तर नंतर केलेल्या शस्त्रक्रियेनेही लघवीवरचा ताबा परत येईलच असे नाही. अशा माणसाला तीन महिने तेल चोळत बसायला सांगणाऱ्याने निदान स्वतःचे नाव तरी खाली लिहायला हवे होते.

आता ती पुडी. तिच्यावर लेबल नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही. घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणे पळते, भूक वाढते, आणि काही आठवड्यांत चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसू लागतो. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्या देशात वारंवार उघड झाले आहे. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. म्हणजे कृत्रिम खुबा टाळायला घेतलेली पुडीच माणसाला कृत्रिम खुब्यापर्यंत नेऊन सोडते. (ज्यांनी ती महिनोन् महिने घेतली आहे त्यांनी ती एकाएकी सोडू नये, डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू बंद करावी, एकदम थांबवणेही जिवावर बेतू शकते.) विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्या आजारातही खुब्याचा गोळा रक्ताविना मरतो, तोही ऐन तरुण वयात. विशी-पंचविशीतल्या पोराला मांडी घालता येत नाही, एस.टी.ची पायरी चढता येत नाही, त्याला ‘लोखंड भरू नको’ म्हणणे सोपे आहे.

लकव्याचे भय अगदीच बिनबुडाचे नाही, पण ते चुकीच्या जागी लावले आहे. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो; त्याखाली नसांचा जुडगा असतो, आणि मणका सरकण्याचे प्रकार बहुतेक त्याच्याही खाली होतात. तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो, स्क्रू चुकीच्या जागी जाऊ शकतो, एखादी नस दुखावू शकते. दोन्ही पाय कायमचे जाणे मात्र विरळा. शिवाय स्क्रू आणि सळ्या बहुधा टायटॅनियमच्या असतात, त्यांना लोखंड म्हणणेच चूक. सुताराने दोन फळ्या डिंक लावून शिकंजात धराव्यात तसे त्यांचे काम असते: मधे भरलेले हाड काही महिन्यांत एकजीव होईपर्यंत मणके हलू द्यायचे नाहीत.

‘पाच वर्षांत सडतो’ याला उत्तर द्यायला एकच संदर्भ पुरे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारलेले दोन अभ्यास आले; त्यांच्या अंदाजानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे 58 टक्के 25 वर्षे टिकतात. त्या नोंदी ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या आहेत, तिथे कोणी उकिडवे बसून कपाशी निंदत नाही, एवढे ध्यानात ठेवूनही पाच वर्षांचा हिशेब कुठेच बसत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम खुबा डीपाय कंपनीला 2010 साली जगभरातून मागे घ्यावा लागला, कारण तो बसवलेल्यांपैकी अपेक्षेपेक्षा जास्त जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती; त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम झिजून रक्तातही उतरत होते. भारतातल्या रुग्णांनाही तो बसवला गेला होता. त्यामुळे कोणता सांधा बसवणार, कोणत्या कंपनीचा, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावे. कंबर दुखणाऱ्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही, हेही खरे. पण बहुतेकांत आत्या मोडत नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. उघड्या शिवारात वीज पडते ती उंचीमुळे. धुऱ्यावर एकटा उभा माणूस आणि एकटे झाड यांना धोका सारखाच, कमरेतली बोटभर सळई त्यात भर घालत नाही. टायटॅनियम असताना एमआरआय होतो, फक्त स्क्रूजवळचे चित्र धूसर येते. पैशाबाबत म्हणाल तर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित सांध्याला तेव्हा कर वगळून 54,720 रुपये. आणि राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला काही लागत नाही. राहिली गती. टायटॅनियम वितळायला सुमारे 1,670 अंश सेल्सिअस लागतात, लाकडाची चिता तेवढी तापत नाही, हे खरे. पण हाडे तरी कुठे पुरती जळतात? म्हणूनच तर आपण राख सावडतो. माझ्या काकांच्या राखेतून निघालेला खुब्याचा कृत्रिम गोळा आम्ही अस्थींसोबत वर्धा नदीत सोडला आणि तेरवीचे जेवण वेळेवर झाले.

परवा आत्याला पुन्हा नागपूरला नेले. पंजाची ताकद आधीपेक्षा कमी भरली आणि नवी तारीख मिळाली. जावईबापूंनी ग्रुपवरचा संदेश काढून टाकला आहे. तो आणखी ज्या सव्वीस जणांना त्यांनी धाडला होता, त्यांची नावे मी लिहून घेतली आहेत.