कामाला हात न लावता कामगिरी कशी सुधारावी

उत्पादन वाढवायचं तर मशिनपाशी जावं लागतं, हा जुन्या फोरमन मंडळींनी पसरवलेला गैरसमज आहे. मशिनपाशी गेलं की कपड्यांना तेल लागतं, दिवस मोडतो आणि शेवटी नेमकं असं काहीतरी सापडतं ज्याला पैसे लागतात. त्यापेक्षा आकड्यापाशी जा. आकडा खुर्चीत बसून सुधारता येतो, तिमाही संपायच्या आत सुधारतो आणि स्लाइडवर शोभून दिसतो.

श्रीगणेशा ओईईपासून करा. ओईई म्हणजे मशिनची उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तीन टक्केवाऱ्यांचा गुणाकार. 90, 95 आणि 99 यांचा गुणाकार साधारण 85 येतो, आणि 85 टक्के म्हणजे जागतिक दर्जा असं कारखानदारीत मानलं जातं. तुमचं मशिन कुठे आहे ते आधी प्रामाणिकपणे मोजा. घाबरू नका, एकदाच मोजायचं आहे. समजा शिफ्ट 480 मिनिटांची. त्यात 30 मिनिटं ब्रेकडाउनमध्ये गेली आणि 60 मिनिटं एका जॉबवरून दुसऱ्या जॉबवर सेटिंग बदलण्यात. मशिन चाललं 390 मिनिटं, म्हणजे उपलब्धता 81 टक्के. एका नगाला ठरलेला वेळ एक मिनिट. 390 नग निघायला हवे होते, निघाले 320. वेग 82 टक्के. त्यातले 16 नग रिवर्कला गेले, म्हणजे गुणवत्ता 95. गुणाकार 63 टक्के. वाईट वाटून घेऊ नका. हा आकडा फक्त ‘आधी’च्या रकान्यात भरायचा आहे.

आता सुधारणेला लागा. सेटिंगची ती 60 मिनिटं ‘नियोजित थांबा’ या सदरात टाका. नियोजित थांबे हिशेबातून वगळले जातात, त्यामुळे उपलब्ध वेळच 420 मिनिटांवर येतो, आणि 420 पैकी 390 म्हणजे 93 टक्के. मग एका नगाचा ठरलेला वेळ 60 सेकंदांवरून 72 सेकंद करा. शेऱ्यात ‘वास्तववादी मानक’ असं लिहा. या दोन शब्दांना आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. आता 390 मिनिटांत 325 नगच अपेक्षित आहेत आणि 320 निघताहेत: वेग साडेअठ्ठ्याण्णव टक्के. राहिला रिवर्क. घासूनपुसून नग शेवटी पास झालाच ना? मग तो पासच धरा. गुणवत्ता 100. एकूण ओईई 91 टक्के, जागतिक दर्जाच्याही सहा पावलं पुढे. पहिल्या फटक्यात पास होणारे नग काल 304 होते, आजही 304 आहेत, पण ही संख्या त्या स्लाइडवर येत नाही.

एवढं करूनही एखादा उत्साही इंजिनियर म्हणेल की सेटिंगचा वेळ खरोखरच कमी करू या. त्याला वेळीच आवरा. ही पद्धत शिगेओ शिंगो या जपानी गृहस्थांनी मांडून ठेवली आहे आणि ती किचकट आहे. सेटिंग बदलण्याचं व्हिडिओ चित्रण करायचं, एकेक हालचाल लिहून काढायची आणि तिचे दोन भाग करायचे: मशिन बंद असतानाच होऊ शकतं ते, आणि मशिन चालू असतानाही उरकता आलं असतं ते. मग कळतं की त्या 60 मिनिटांत पाना शोधणं आहे, क्रेनची वाट पाहणं आहे, डाय, म्हणजे साचा, स्टोअरमधून आणणं आहे आणि पहिला नग तपासायला क्वालिटीचा माणूस येईपर्यंत हात बांधून उभं राहणं आहे. यातलं बरंचसं मशिन चालू असताना आधीच उरकता येतं. पण मग कुणीतरी विचारणार, इतकी वर्षं का नाही उरकलं? असल्या प्रश्नाला स्लाइड नसते.

तुमचं काम मशिनचं नसून ऑफिसचं असेल तर आणखी सोपं. तक्रारींची तिकिटं असतील तर ‘पहिला प्रतिसाद’ संगणकालाच देऊ द्या. सरासरी वेळ दोन सेकंदांवर येतो. तिकीट लांबतंय असं दिसलं की ग्राहकाला एखादी माहिती विचारा. त्याने ती आधीच दिलेली असली तरी चालेल, कारण उत्तराची वाट पाहताना आपलं घड्याळ थांबलेलं असतं. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तिकीट बंद. तो पुन्हा आला तर नवं तिकीट, आणि ते बंद झालं की दोन तिकिटं निकाली.

अर्ज तपासायचं काम असेल तर सिक्स सिग्मा लावा. मोटोरोलामध्ये 1986 साली जन्मलेली ही पद्धत दहा लाख संधींमागे दोष मोजते आणि तिचं ध्येय 3.4 दोष इतकं कडक आहे. पण एका अर्जात दोषाच्या संधी किती, हे ठरवायचं तुम्हीच. 1,000 अर्जांत 200 चुका सापडल्या आणि प्रत्येक अर्जात 5 संधी धरल्या, तर दहा लाखांमागे 40,000 दोष. पातळी सव्वातीन सिग्मा (सिग्मा जितका जास्त, तितके दोष कमी). संधी 50 धरा. अर्जदाराच्या नावातला प्रत्येक काना-मात्रा ही संधीच आहे. दोष 4,000 वर येतात आणि तुम्ही चार सिग्मा ओलांडता. चुका 200 च आहेत, पण आता त्या प्रगत चुका आहेत.

टार्गेट कसं ठरवावं याबद्दल उगाच वाद घातले जातात. मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवा, झालं. ते कोणत्या मार्गाने गाठायचं हे सांगू नका. सांगायला गेलात तर मार्ग ठाऊक असावा लागतो. दर महिन्याला या महिन्याची तुलना फक्त मागच्या महिन्याशी करा आणि शेजारी हिरवा किंवा लाल बाण काढा. वॉल्टर श्यूहार्ट नावाच्या गृहस्थांनी 1924 साली नियंत्रण आलेख शोधून या करमणुकीवर पाणी टाकायचा प्रयत्न केला होता. वीसेक महिन्यांचे आकडे घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, लागोपाठच्या दोन महिन्यांतल्या फरकांची सरासरी काढून तिला 2.66 ने गुणायचं आणि तेवढं सरासरीच्या वर-खाली मोजायचं. तक्रारींची सरासरी 40 आणि फरकांची 6 असेल तर मर्यादा 24 ते 56. त्या पट्ट्याच्या आत मागचा महिना 47 आणि हा 38 असला, तरी त्यात बातमी काहीच नाही, व्यवस्था होती तशीच आहे.

हा आलेख भिंतीवर लागला तर आढावा बैठक दहा मिनिटांत संपेल. म्हणून तो लावू नका. शिवाय त्याच्याविना एक जुनं शास्त्रही टिकून राहतं: तक्रारी 52 वर गेल्या की सुपरवायझरला झापा, पुढच्या महिन्यात त्या बहुतेक उतरतात. 27 वर आल्या म्हणून पाठ थोपटली तर पुढच्या महिन्यात चढतात. सरासरीपासून लांब गेलेला आकडा आपोआपच तिच्याकडे परततो, असं संख्याशास्त्रवाले म्हणतील. तुम्ही मात्र यातून एवढंच शिका की झापणं लागू पडतं आणि कौतुक बाधतं.

गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग तर याचा जाहीर खेळच करून दाखवत. डब्यात 3,200 पांढरे मणी आणि 800 लाल. सहा कामगार, आणि 50 खळगे असलेली एक फळी. मणी न निवडता फळी मण्यांत बुडवायची. लाल मणी म्हणजे दोष. कुणाला 5 लाल येतात, कुणाला 15. डेमिंग पाचवाल्याचा सत्कार करत, पंधरावाल्याला दम देत, घोषणा लावत आणि शेवटी खालच्या तिघांना कामावरून काढत. सरासरी दहाच्या आसपासच राहायची, कारण डब्यातले मणी तेच होते. प्रेक्षक हसायचे. वास्तविक हे प्रात्यक्षिक वार्षिक मूल्यमापनाची हस्तपुस्तिका म्हणून वाचायला हवं. वरच्यांना सोन्याचा बिल्ला द्या, खालच्यांना सुधारणा-नोटीस, आणि डब्यात लाल मणी ओतणाऱ्या खरेदी विभागाला पुरवठादाराकडून सर्वांत कमी भाव मिळवल्याबद्दल वेगळा पुरस्कार.

बिघाड झाला की मूळ कारण शोधावंच लागतं, ऑडिटर मागतो. टोयोटाचे ताइइची ओनो पाच वेळा ‘का’ विचारायला सांगत. त्यांचं उदाहरण असं. मशिन का थांबलं? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. का नव्हतं? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. उपाय: गाळणी बसवा. हे जपानमध्ये ठीक. तुम्ही पहिलाच माणूस भेटला की थांबा. फ्यूज उडाला तेव्हा मशिनवर कोण होतं? सापडलं कारण. फॉर्म असा भरा: ‘मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली व पुन्हा प्रशिक्षण दिलं.’ सोबत हजेरीपत्रक जोडा, त्यावर सही असली की बाब बंद. महिन्याभरात दुसऱ्या शिफ्टला तोच फ्यूज उडेल. तेव्हा त्या ऑपरेटरला प्रशिक्षण द्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं म्हणणारे म्हणोत, पण प्रशिक्षणाचे तास हेही एक टार्गेट असतं आणि ते असं आपसूक भरतं.

टोयोटाची दोरीसुद्धा आणा. असेंब्ली लाइनवर अडचण दिसली की कामगार ती ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरावीक खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. तुमच्याकडे ती ओढली की कुणीच धावून येणार नाही एवढी व्यवस्था करा. मग कुणी किती वेळा ओढली याची नावानिशी यादी फलकावर लावा. काही आठवड्यांत दोरी ओढणं बंद होतं आणि अडचणी शून्य झाल्याचं जाहीर करता येतं.

फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत, तर सगळ्यांत स्वस्त: जमिनीवर पिवळे पट्टे मारा, टेबलावर स्टेपलरभोवती चौकट आखा, फोटो काढा. कायझेन सप्ताह, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांचा आठवडा, सोमवारी सुरू करून शुक्रवारी सादरीकरणाने संपवा. उरलेल्या कामांची तीस दिवसांची यादी बनते, तिची एक प्रत फाइलला लावा. दुसऱ्या प्रतीची गरज पडत नाही.

माणसांना मात्र रिकामं बसू देऊ नका. प्रत्येक जण शंभर टक्के गुंतलेला हवा. काम अनियमित येतं, प्रत्येक कामाला कमीजास्त वेळ लागतो, असा एक माणूस आणि त्याच्यासमोरची साधी रांग घ्या. कामाला सरासरी अर्धा तास लागत असेल आणि तो 80 टक्के गुंतलेला असेल, तर रांगेतली सरासरी वाट दोन तासांची. 90 टक्के गुंतवला की साडेचार तास. 95 टक्क्यांना साडेनऊ. शंभराला रांग संपतच नाही, म्हणजे रोजगाराची शाश्वती. जोडीला, आलेलं प्रत्येक काम लगेच सुरू करा. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलंय की सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातातली कामं भागिले रोज संपणारी कामं. 60 फायली हातात आणि रोज 5 निकाली, तर 12 दिवस. आणखी 40 सुरू केल्या की 20 दिवस. पण ‘प्रगतिपथावर’च्या रकान्यात 60 ऐवजी 100 दिसतात, आणि वरिष्ठांना तोच रकाना आवडतो.

बक्षीस आकड्याला बांधून टाका, म्हणजे माणसं स्वतःच मार्ग शोधतात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकामागे आठ खाती-सेवा असं लक्ष्य होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न सांगताच लाखो खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि तोवर सुमारे 5,300 जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. लोक याला फसलेली योजना म्हणतात. आकडा तर आला होता! आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यात आठचं लक्ष्य ठरवणारे फारसे नव्हते, हीही योजनेची जमेची बाजू धरा.

शेवटी एक अडचण उरते ती ग्राहकाची. डॅशबोर्ड पूर्ण हिरवा असताना तो फोन करून सांगतो की माल तीन आठवडे उशिरा आला. त्याच्याशी वाद नको. ‘वेळेवर पोहोच’ मोजताना मूळ तारीख न धरता शेवटची सुधारित तारीख धरायची, असं प्रक्रियेच्या कागदात आधीच लिहून ठेवा. सुधारित तारखेचं पत्र माल गेटबाहेर पडल्यावर पाठवलं तर तारीख चुकण्याची शक्यताही राहत नाही.