अहो, तो मोबाइल खाली घ्या!

प्रागमध्ये आम्ही दोघं जेमतेम तीन दिवस होतो. जुन्या चौकातलं ते खगोलीय घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती सरकत जातात, खाली सांगाडा घंटा वाजवतो. आणि मला काय दिसलं? पुढच्यांचे उंचावलेले मोबाइल! दुपारी तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. मिनिटभराचा खेळ, तोही नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही का?

चार्ल्स पुलावर तर पुतळ्यापुतळ्यापाशी सेल्फीवाले, पाय ठेवायला जागा नाही. नवरा म्हणाला, पहाटे जाऊ. गेलो. तिथे लग्नाचं फोटोशूट, आणि आम्हालाच 'बाजूला व्हा'! डोकंच फिरलं माझं. वर्षभर पैसे साठवून, दोघांच्या रजा जुळवून आलो होतो आम्ही. पुलाखालची व्ल्तावा नदी शांतपणे बघायची होती, बास.